कोरियात राहून मेटल कॉन्सर्टला जाणे : अनुभव, माहिती आणि एक आग्रह

घणघण

सोल, सुवॉन, देजॉन, बुसान, जिथे जिथे आपली मंडळी आहेत तिथल्या व्हॉट्सॅप गटांवर रोज काही ना काही चाललेलं असतं. सोलच्या इतेवॉन भागातल्या दुकानात कढीपत्ता आलाय का, व्हिसा वाढवायला कोणते कागद लागतात, गणपतीला हॉल कुठला घ्यायचा. मेटलचा, म्हणजे हेवी मेटल संगीताचा, विषय निघाला की मात्र एकच प्रश्न येतो : "कोरियात? तिथे तर सगळं के-पॉपच ना?" म्हणून हा धागा. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा, ज्यांना जायचंय त्यांनी बिनधास्त विचारा.

मी सुवॉनला नोकरीला आहे. इथे पाहिलेला पहिला मोठा कार्यक्रम म्हणजे अमेरिकेच्या मेटालिका बँडचा, ११ जानेवारी २०१७, सोलचा गोचॉक स्काय डोम. त्यांचा 'हार्डवायर्ड... टू सेल्फ-डिस्ट्रक्ट' अल्बम येऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. बुधवार, ऑफिसचा दिवस, आणि जानेवारीतली सोलची थंडी. सुरुवातीला जपानचा बेबीमेटल बँड वाजवणार होता.

आपल्याकडे उभ्याचं तिकीट म्हटलं की दुपारपासून गेटवर तळ ठोकायचा, गेट उघडलं की धावत सुटायचं. इथे तिकिटावर विभाग असतो आणि त्यापुढे तुमचा नंबर. त्या नंबराप्रमाणेच आत सोडतात, तुम्ही सकाळी सहाला आलात तरी. बाहेर पटांगणात नंबरांच्या पाट्या लावलेल्या, आणि लोक एकमेकांना तिकीट दाखवत आपली जागा शोधत होते. माझ्यामागच्या मुलीचा नंबर माझ्या आधीचा निघाला, तर मी सरकायच्या आत तिनेच वाकून माफी मागितली.

माझ्या पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. सूट, टाय, चामड्याची बॅग, थेट ऑफिसातून आलेले. लॉकरपाशी त्यांनी टाय सोडला, घडी करून कोटाच्या खिशात ठेवला, शर्ट काढला, आणि आत मेटालिकाच्या 'राइड द लायटनिंग' अल्बमचा टी-शर्ट, धुऊन धुऊन राखाडी पडलेला. १९९८ साली मेटालिका पहिल्यांदा सोलला आले तेव्हा घेतलेला. ते आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) कर्जाचे दिवस, रोज कोणाची ना कोणाची नोकरी जात होती. बायकोला न सांगता तिकीट काढलं होतं, असं मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी मला सांगितलं. यंदा मुलगा सोबत येणार होता पण त्याची परीक्षा आडवी आली.

आत मेटालिका मंचावर येण्याआधी वाजणारं 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड' सुरू झालं आणि अख्खा डोम ती धून गायला लागला. शब्द नसलेली धून! नंतर 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या मधल्या संथ भागात गिटारची सुरावटही लोकांनी स्वर लावून म्हटली, हजारोंनी, एका सुरात. कोरियन प्रेक्षक शब्दच गातात असं नाही, वाद्यंही गातात. गायक हेटफिल्डचं इंग्रजी किती जणांना कळत होतं कोण जाणे, पण कुठल्या ठोक्याला काय येतं ते प्रत्येकाला पाठ होतं.

पिटमध्ये, म्हणजे मंचासमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात तिथे, एकाचा चष्मा पडला. त्या घुसळणीत चष्मा सापडणं अशक्य, असं वाटलं. पण दोघा-तिघांनी हात पसरून गोल केला, एकाने मोबाइलचा दिवा लावला, चष्मा उचलून उंच धरला, ज्याचा त्याला दिला, आणि गोल पुन्हा मिटला. सगळं गिटारच्या एका रिफच्या (पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीच्या) आत.

परतीचं : गुइल स्टेशन, तिथून एक स्टेशन मागे गुरोला यायचं आणि सुवॉनची गाडी पकडायची. इंचॉन आणि सुवॉनचे फाटे गुरोला फुटतात. नवख्या माणसाने हे आधीच नकाशात बघून ठेवावं, कारण शेवटची गाडी चुकली की टॅक्सीचं भाडं तिकिटाला मागे टाकतं.

आता मुख्य मुद्दा. असा कार्यक्रम दोन-चार वर्षांतून एकदा येतो. मधल्या काळात आपण घरी हेडफोन लावून बसतो आणि "इथे काही होत नाही" म्हणतो. सोलमध्येच होंगदे भागातल्या तळघरांत आणि मुल्लेदोंगमध्ये जवळपास दर शनिवार-रविवारी कोरियन मेटल बँड वाजतात. तिकीट साधारण ३०-४० हजार वॉन. समोर कधी दीडशे लोक, कधी चाळीस. माझा आग्रह एवढाच आहे की मोठ्या नावांची वाट बघत राहू नका, तिथे जा. त्या बँडांना लोक हवे आहेत आणि ते वाजवतात अव्वल.

शेवंता

छान धागा. मी सोलला विद्यार्थिनी आहे, मेटल कॉलेजपासून ऐकते. तिकिटाचंच घोडं अडतं. संकेतस्थळावर ओळख पडताळणीत माझं नाव जुळतच नाही. आडनाव आधी, नाव नंतर, वडिलांचं नाव शेवटी, मध्ये जागा सोडायची की नाही, सगळे प्रकार झाले. कसं करता तुम्ही?

घणघण

@शेवंता, हे सगळ्यांचं दुखणं आहे. पडताळणी मोबाइल कंपनीकडे नोंदलेल्या नावावरून होते. म्हणून आधी मोबाइलच्या दुकानात रहिवासी कार्ड घेऊन जा आणि त्यांच्या नोंदीत नाव नेमकं कसं लिहिलंय ते कागदावर उतरवून घ्या. अक्षर न् अक्षर, जागा न् जागा. तेच संकेतस्थळावर टाका. बहुतेकांचं तिथेच सुटतं. नाहीच सुटलं तर मोठ्या कार्यक्रमांना परदेशी लोकांसाठी इंग्रजी पान असतं, तिथे पासपोर्टवरचं नाव चालतं. तिकीट जागेवर घ्यायचा पर्याय निवडा आणि ओळखपत्र विसरू नका.

छोट्या कार्यक्रमांना यातलं काहीच लागत नाही. बँडच्या इन्स्टाग्रामवर अर्जाचा दुवा असतो, नाव लिहायचं, पैसे बँकेत टाकायचे, दारात नाव सांगायचं. बऱ्याचदा दारातही तिकीट मिळतं.

दूरदेशी

मी २०१० ते २०१३ सोलला होतो, आता पुण्यात. १० मार्च २०११ ची आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडची मैफल मी ऑलिम्पिक पार्कच्या जिम्नॅस्टिक्स अरेनात पाहिली (आता त्याला केएसपीओ डोम म्हणतात). मेडन कोरियात पहिल्यांदाच येत होते. त्याआधी १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पाहिलं होतं, 'समव्हेअर बॅक इन टाइम' दौरा तिथूनच सुरू झाला होता. त्यामुळे सोलला उभा असताना सारखी तुलना होत होती. मुंबईत धूळ, घाम, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून 'फिअर ऑफ द डार्क'. सोलला लोक शांतपणे रांगेत आले आणि पहिल्या ठोक्याला तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जपानला भूकंप झाला. मेडनचं विमान, जे त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवायचा, तेव्हा टोकियोच्या वाटेवर होतं. ते नागोयाला वळवलं. जपानचे कार्यक्रम रद्द झाले. आदल्या रात्री ज्यांच्यासोबत आपण ओरडत होतो ते लोक आता हवेत आहेत आणि खाली हे घडतंय, ही बातमी ऑफिसात बघताना माझे हातपाय गार पडले होते. आजही ते तिकीट जपून ठेवलंय.

तुमच्या आग्रहाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. पोरगा गिटार हातात घेतो तो मेडन-मेटालिका बघून. मोठे बँड आले नाहीत तर छोटे बँड पुढच्या पिढीत उगवणारच नाहीत. मुंबईचंच बघा. रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव व्हायचा, तिथे आपलेच बँड वाजायचे. शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवन गेलं आणि त्या पोरांची हक्काची जागा गेली. मोठा मंच हवाच.

घणघण

@दूरदेशी, रंगभवनचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. तिथे वाजणारे बँड परदेशी नव्हते, आपले होते. जागा गेल्यावर नुकसान झालं ते त्यांचं. मेडन काय, बंगलोरला आले, मुंबईला आले, पुन्हा येतील. होंगदेचं भाडं वाढलं की आधी तळघरं बंद पडतात. होंगदेतलं व्ही-हॉलही करोनाच्या काळात बंद पडलं. तुम्ही होतात तेव्हा तिथे चांगले कार्यक्रम व्हायचे.

मोठा बँड बघून गिटार हातात येते, मान्य. पण ती हातात राहते कशाने? शनिवारी चाळीस लोक समोर येऊन उभे राहतात म्हणून.

तानपुरा

माझा मुलगा देजॉनला पीएचडी करतो. त्याच्या खोलीत भिंतीवर काळ्या चित्रांचे कागद दिसतात म्हणून कुतूहलाने धागा वाचला. मी शास्त्रीय संगीत ऐकणारी, शिकवणारी. खरंच विचारते, टीका नाही : या ओरडण्यात तुम्हाला काय मिळतं? आणि दुसरं, २०२२ मध्ये इतेवॉनला चेंगराचेंगरीत दीडशेच्या वर मुलं गेली, तेव्हापासून तो गर्दीत जातो म्हटलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

रानवाटा

@तानपुरा ताई, पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देते. सोलला सात-आठ वर्षं आहे, इथल्या संगीतावर बऱ्यापैकी वाचलंय.

कोरियात रॉक आलं ते अमेरिकी लष्कराच्या तळांवरून. शिन जुंग-ह्यॉन तिथे गिटार वाजवायचे, त्यांना इथे रॉकचे जनक मानतात. १९७५ मध्ये हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने शेकडो गाण्यांवर बंदी घातली आणि शिन यांना गांजाच्या प्रकरणात तुरुंगात टाकलं. त्यांची कारकीर्दच थांबवली. पुढे त्यांचा मुलगा शिन दे-चॉल याने 'सिनावी' हा बँड काढला आणि १९८६ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली, नावातच 'हेवी मेटल'. बापाची गिटार सरकारने गप्प केली, मुलाने ती आणखी मोठ्या आवाजात लावली. मला हा इतिहास फार हलवतो.

त्याच सिनावीत एक पोरगा बास वाजवायचा, सो तेजी. तो पुढे पॉपचा महानायक झाला, के-पॉपचं मूळ त्याच्यापासून धरतात. १९९४ मध्ये त्याने इथल्या शाळांच्या घाण्यावर, मुलांना एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन वर चढायला लावणाऱ्या शिक्षणावर गाणं केलं, 'क्योशिल इदेआ'. त्यात मधेच एक गर्जना येते. ती 'क्रॅश' या थ्रॅश (वेगवान मेटल) बँडच्या आन हंग-चानची. सुरात, गोड आवाजात सांगून कोणी ऐकलं नसतं. तुम्ही ज्याला ओरडणं म्हणता ते तिथे का आलं, हे ज्याने इथली बारावी पाहिली आहे त्याला लगेच कळतं. १९९५ मध्ये सो तेजीच्याच एका गाण्याचे शब्द सेन्सॉरने अडवले, त्याने शब्दांशिवाय नुसतं वाद्यसंगीत प्रसिद्ध केलं, चाहते पेटले, आणि १९९६ मध्ये गाण्यांची पूर्वतपासणीच रद्द झाली.

ताई, तुमच्या कानांसाठी एक सुचवते. 'जाम्बिनाई' ऐका. कोरियन पारंपरिक संगीत रीतसर शिकलेली माणसं आहेत ही. हेगुम म्हणजे दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य, आपल्या सारंगीच्या कुळातलं. गोमुंगो म्हणजे आडवं ठेवून बांबूच्या काडीने छेडायचं. त्यांच्यासोबत विजेची गिटार आणि ड्रम. सुरुवातीला हेगुम एकटं विलंबितात रडतं, मग हळूहळू सगळं अंगावर येतं. २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिम्पिकच्या समारोपात ते वाजले होते. ड्रम सुरू होईपर्यंत तरी थांबा, मग काय वाटलं ते इथे लिहा.

घणघण

@तानपुरा ताई, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. इतेवॉनच्या गल्लीत कोणी आयोजकच नव्हता, वाट अरुंद, उताराची, दोन्हीकडून लोक येत राहिले. कॉन्सर्टमध्ये जागा मोजून तिकिटं विकतात, विभाग अडथळ्यांनी तोडलेले असतात, पुढे सुरक्षारक्षक पाणी वाटतात आणि गुदमरलेल्याला वरून उचलून बाहेर काढतात. इतेवॉननंतर सगळे आणखी सावध झालेत. तरी मुलाला एवढं नक्की सांगा : आत गेल्याबरोबर बाहेर जायची दारं बघून ठेव, आणि श्वास कोंडतोय वाटलं तर गाणं कितीही आवडीचं असो, कडेला निघ. काळजी वाटणं रास्तच आहे.

मीठभाकर

बाईच्या नजरेतून थोडं. मी दरवर्षी इंचॉनच्या पेंटापोर्ट रॉक महोत्सवाला जाते, सोंगदोच्या मूनलाइट फेस्टिव्हल पार्कात, ऑगस्टच्या सुरुवातीला. उकाडा कोकणातल्या मे महिन्याचा आणि पाऊस कधीही. याचा पूर्वज 'ट्रायपोर्ट' १९९९ मध्ये झाला तोच मुळी पावसात बुडाला. पहिल्या दिवशी डीप पर्पल आणि ड्रीम थिएटर कोसळत्या पावसात वाजले, दुसरा दिवस रद्द करावा लागला. २००६ पासून पेंटापोर्ट नावाने सुरू आहे ते आजतागायत. एवढ्या मोठ्या फजितीनंतर लोकांनी तो पुन्हा उभा केला याचं मला कौतुक वाटतं.

पिटमध्ये मला कधी कोणी वाईट हात लावलेला नाही. असं कुठेच होत नाही असं म्हणणार नाही, माझा अनुभव सांगते. मी ठेंगणी आहे, एकदा पडले, तर डोळे मिटून उघडेपर्यंत चार हातांनी मला उभी केली होती. बायका भरपूर असतात. पुढच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या बहुतेक मुलीच असतात आणि त्यांना प्रत्येक गाणं येतं.

अनोळखी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून लांबलचक आगगाडी करतात आणि मैदानभर धावतात. पोरांनी बांबूला बांधलेले मोठमोठे झेंडे, त्यावर मनाला येईल ते लिहिलेलं. शाकाहारी असाल तर पोटाची सोय आधी करा. आत बहुतेक सगळ्यात मांस असतं, मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. शेजारच्या कोरियन मुलींना दिली, तर पुढच्या वर्षी त्यांनी मला झेंड्यावरून शोधून काढलं आणि आधी चटणीच मागितली.

कर्णिका

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, मेटल स्वतःही ऐकते, म्हणून कळकळीने लिहिते. कानात बोळे घाला. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलने ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटं उरते. मेटलच्या मैफलीत आवाज त्याच्याही वर जातो, आणि तळघरात भिंती जवळ असल्यामुळे मोठ्या डोमपेक्षा जास्त त्रास होऊ शकतो. आतल्या कानाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

फोमचे बोळे औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. बोटाने वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते तोंडाशी अडकवून उपयोग नाही. संगीतासाठीचे वेगळे बोळे मिळतात, त्यात गाणं गढूळ न होता फक्त हळू होतं. ज्यांना नियमित जायचंय त्यांनी तेच घ्यावेत. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहिली तर "होईल बरं" म्हणून सोडू नका, लगेच दाखवा.

तानपुरा

रानवाटा, जाम्बिनाई ऐकलं. ड्रमनंतरही थांबले. हेगुमच्या मींडेत मला खरोखर सारंगीची आर्तता ऐकू आली. पुढचा भाग मला सोसला नाही हे प्रामाणिकपणे सांगते, पण ती माणसं तिथवर का गेली ते कळल्यासारखं वाटलं. काल मुलाला फोन केला आणि विचारलं, तुझ्या भिंतीवर कोण कोण आहे रे? अर्धा तास बोलत होता. एरवी दोन मिनिटांत ठेवतो. कर्णिका, बोळ्यांचं त्याला पाठवलं आहे.

दूरदेशी

ताई, हे वाचून फार बरं वाटलं.

घणघण, काल रात्री क्रॅशचा १९९४ चा पहिला अल्बम पुन्हा लावला. निर्माता कॉलिन रिचर्डसन, ज्याने कार्कस या ब्रिटिश बँडचं काम केलं तोच. एवढा घट्ट आवाज त्या काळात आशियात कुणाचा होता? मी तीन वर्षं सोलला राहून त्यांना प्रत्यक्ष ऐकलं नाही याची चुटपुट लागली आहे. मोठ्या मंचाचं माझं म्हणणं कायम आहे, पण पुढच्या वेळी कामानिमित्त आलो की शनिवार राखून ठेवतो. मुल्लेदोंगचं थोडं सविस्तर लिहा ना. आमच्या वेळी तिथे फक्त लोखंडाचे कारखाने माहीत होते.

घणघण

कारखाने अजून आहेत. दोन नंबरच्या लाइनवर मुल्ले स्टेशन, बाहेर पडलं की मोठे टॉवर, आणि त्यांच्या मागे बसकी शेडं. लेथ, वेल्डिंग, पत्रा कापायची यंत्रं. स्वस्त भाड्यामुळे चित्रकार आले, मग पंक आणि मेटलवाले. दिवसा लोखंड वाजतं, संध्याकाळी शटर पडली की शेजारच्या जिन्यातून ड्रमचा आवाज यायला लागतो. गल्लीत लोखंडाच्या किसाचा आणि तेलाचा वास. तिथे 'मेसड'सारखा थ्रॅश बँड ऐकायचा म्हणजे काय ते शब्दांत सांगता येणार नाही, गिटारवादकाच्या बोटांवरचा घाम दिसतो. कार्यक्रम संपला की तेच लोक स्वतःच्या केबल गुंडाळतात, टी-शर्टच्या टेबलामागे उभे राहतात, आणि तुम्ही भारतातून आलात म्हटलं की हातातलं काम टाकून गप्पा मारतात. भारतातले बँड कोणते, असं मला दर वेळी विचारतात. मी डेमॉनिक रिझरेक्शन आणि भयानक मौत सांगतो, ते फोनमध्ये लिहून घेतात.

होंगदेला जायचं असेल तर रोलिंग हॉलपासून सुरुवात करा. १९९५ पासूनची संस्था आहे, आवाजाची व्यवस्था उत्तम. हापजॉंग किंवा सांगसू, दोन्ही स्टेशनांवरून चालत जाता येतं.

@शेवंता, तिकिटाचं जमलं का?

शेवंता

जमलं! मोबाइलच्या दुकानात नावाच्या मध्ये दोन जागा सुटल्या होत्या. आता प्रश्न असा की माझ्या ओळखीत मेटल ऐकणारं कोणीच नाही. मुल्लेदोंगला एकटी गेले तर चालेल का?

मीठभाकर

एकटी कशाला? मी येते. माझ्यासोबत अजून एक मैत्रीण असते, नागपूरची.

घणघण

मीही आहे. येत्या शनिवारी मुल्ले स्टेशनच्या फाटकाबाहेर साडेपाचला भेटू. कार्यक्रम सहसा सहा-सातला सुरू होतात आणि दहाच्या आत संपतात, त्यामुळे सुवॉनवाल्यांनाही शेवटची गाडी मिळते. लॉकर स्टेशनातच आहेत, जॅकेट आणि बॅगा तिथे ठेवा, आत ठेवायला जागा नसते. येणाऱ्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा म्हणजे दारात नावं आधी देऊन ठेवतो. आणि बोळे आणा, विसरलात तर माझ्याकडे जास्तीचे आहेत.